बंदी न आलेल्या कादंबरीची गोष्ट

गेली वीस-पंचवीस वर्षं मी एक गोष्ट सांगत आले. कॉलेजात शिकवत होते तेव्हा वर्गात सांगितली, निवृत्तीनंतर महिला मंडळांत सांगितली, आणि बेळगावात एका व्याख्यानात तर सांगता सांगता माझाच गळा दाटून आला. गोष्ट अशी. अमेरिकेत सेंट लुइस नावाच्या शहरात केट शोपॅन नावाची एक लेखिका होती. तिनं १८९९ मध्ये 'द अवेकनिंग' ही कादंबरी लिहिली. संसारातल्या एका बाईला जाग येते, एवढाच तिचा विषय. समीक्षकांनी तिला फाडून खाल्लं, गावातल्या वाचनालयांनी पुस्तक कपाटातून काढून टाकलं, तिथल्या कलामंडळानं तिला सभासद करून घेतलं नाही, ओळखीचे लोक बोलेनासे झाले. बाईनं लेखणी खाली ठेवली ती कायमची, आणि पाच वर्षांत झुरून गेली.

ही गोष्ट सांगितली की सभागृह गप्प होतं. मग टाळ्या पडतात. बायका जवळ येऊन हात धरतात. कोणत्या वक्त्याला हे नको असतं?

आता सांगायचं म्हणजे, यातलं निम्मं खरं नाही. मी ते कुठल्यातरी जुन्या प्रस्तावनेत वाचलं होतं आणि पुढं कधी तपासलं नाही. एमिली टॉथ या बाईंनी केट शोपॅनचं मोठं चरित्र १९९० साली लिहिलं, ते माझ्या हाती फार उशिरा आलं. वाचलं आणि दोन दिवस मला काही सुचेना. खोटं बोलल्याची लाज होतीच. पण त्याहून जास्त बोचलं ते हे की खरी गोष्ट माझ्या गोष्टीपेक्षा जास्त त्रासदायक होती.

म्हणून ती पहिल्यापासून सांगते.

केट १८५० साली सेंट लुइसला जन्मली, माहेरचं आडनाव ओफ्लाहर्टी. वडील आयर्लंडहून आलेले, व्यापारात वर आलेले. आई फ्रेंच वळणाच्या घरातली. १ नोव्हेंबर १८५५ ला गॅस्कोनेड नदीवरच्या नव्या पुलावरून पहिली आगगाडी निघाली, गावातली प्रतिष्ठित मंडळी तीत बसली होती, आणि पूल कोसळला. मेलेल्यांत केटचे वडील होते. पोर पाच वर्षांची. त्यानंतर ती वाढली ती विधवांच्या घरात. आई विधवा, आजी विधवा, पणजी विधवा. आणि त्यांतल्या कुणी पुन्हा लग्न केलं नाही. पणजीनं तिला फ्रेंच शिकवलं आणि गावातल्या जुन्या बायकांच्या गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या काही सोवळ्या नव्हत्या म्हणे. बायकांनी चालवलेलं घर कसं असतं हे आपल्याकडे सांगायला नको. पण आपल्याकडच्या अशा घरात पैशाची किल्ली बहुतेक दिराकडे असते. इथं ती बायकांकडे होती, हा फरक मोठा.

वीस वर्षांची असताना लुइझियानाच्या ऑस्कर शोपॅनशी लग्न झालं. आधी न्यू ऑर्लिन्स, मग धंदा बुडाल्यावर क्लूटियरव्हिल नावाचं खेडं. सहा मुलं. १८८२ च्या डिसेंबरात ऑस्कर तापानं गेला आणि मागं कर्ज ठेवून गेला. ही बाई वर्षभराहून जास्त दुकान आणि शेती स्वतः चालवत होती, मग १८८४ ला मुलं घेऊन आईकडे परतली. पुढच्या वर्षी आईही गेली. फ्रेडरिक कोलबेनहायर म्हणून एक डॉक्टर होते, घरच्यासारखे. ती लुइझियानाहून पाठवायची ती पत्रं त्यांनी वाचली होती. त्यांनी सांगितलं, लिही. तिनं लिहिलं. पहिल्या कथा १८८९ ला छापून आल्या तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती.

इथून समीक्षकांची गोष्ट सुरू होते, आणि ती सुरुवातीला अगदी गोड आहे. १८९४ मध्ये 'बायू फोक' हा तेवीस कथांचा संग्रह बॉस्टनच्या हॉटन मिफ्लिननं काढला. प्रकाशक नावाजलेला. शंभरावर दखली छापून आल्या, जवळजवळ सगळ्या कौतुकाच्या. लुइझियानाची माणसं, तिथली मिश्र फ्रेंच बोली, दलदलीचा प्रदेश, सगळं कसं मोहक! त्या काळी अमेरिकेत 'स्थानिक रंगा'च्या कथांना मागणी होती. उत्तरेतल्या वाचकाला दक्षिणेचं खेडं चित्रासारखं बघायला आवडायचं.

केट खूश झाली असेल असं आपल्याला वाटतं. तिच्या डायरीत मात्र १८९४ च्या जूनमधली एक नोंद आहे. शंभरावर कात्रणं चाळली, आणि त्यांत खऱ्या समीक्षेच्या लायकीची अगदी थोडी निघाली, याचं नवल वाटतं, असा तिचा सूर. मला ही नोंद तिच्या सगळ्या चरित्रात आवडते. कौतुक झालंय, आणि तरी बाईला कळतंय की कौतुक करणाऱ्यानं वाचलेलं नाही.

हे मला कळतं, कारण माझ्या पुस्तकांवरही दोन-तीन पाट्या आहेत. सीमाभागातली लेखिका, जैन लेखिका, आणि बाई तर आहेच. परीक्षण येतं, त्यात 'बोलीचा गोडवा' असतो, 'सीमाभागातल्या समाजजीवनाचं हृद्य चित्रण' असतं. आपण आपल्या माणसांबद्दल काय म्हटलं, ते पटलं की नाही, याबद्दल एक अक्षर नसतं. गोडवा एकदा दिला की समीक्षक सुटला.

'बायू फोक'मध्ये गोडवा होता खरा, पण 'देझिरेज बेबी' ही कथाही त्यातच होती. १८९३ च्या जानेवारीत 'व्होग'मध्ये आलेली. जमीनदाराच्या घरात मूल जन्मतं, त्याच्या अंगात काळं रक्त दिसतं, नवरा बायकोला दोष देतो, ती मूल घेऊन दलदलीत निघून जाते. आणि मग शेवटी कळतं की ते रक्त नवऱ्याच्याच आईकडून आलेलं. ही काही गोड कथा नव्हे. १८९४ च्या डिसेंबरात त्याच 'व्होग'मध्ये आली आज 'द स्टोरी ऑफ अॅन अवर' म्हणून ओळखली जाणारी कथा. नवरा रेल्वे अपघातात गेल्याची बातमी येते, बायको खोलीत दार लावून रडते, आणि रडता रडता तिला मोकळं वाटायला लागतं. पुढचं सांगत नाही, तीन पानांची आहे, वाचा. रेल्वेचा अपघात आणि विधवा बाई तिनं कुठून आणली हे मात्र आता तुम्हाला कळलं.

मग १८९७ ला दुसरा संग्रह, 'अ नाइट इन अकेडी'. आणि २२ एप्रिल १८९९ ला, शिकागोच्या हर्बर्ट स्टोन कंपनीकडून, 'द अवेकनिंग'. आधी तिनं नाव ठेवलं होतं त्याचा अर्थ 'एकाकी जीव' असा होतो. एडना पाँटेलिए, अठ्ठावीस वर्षांची, दोन मुलांची आई. नवरा लेऑन्स वाईट नाही हो, पैसे देतो, खाऊच्या पेट्या पाठवतो, सगळ्या बायका म्हणतात याच्यासारखा नवरा नाही. उन्हाळ्यात ग्रँड आइल बेटावर समुद्रकाठी ती पोहायला शिकते. रोबेर नावाच्या तरुणात जीव गुंततो. शहरात परतल्यावर दर मंगळवारी घरी बसून पाहुण्या बायकांचं स्वागत करायचं, ते ती बंद करते. चित्रं काढते. नवऱ्याचं मोठं घर सोडून कोपऱ्यावरच्या लहान घरात राहायला जाते. दुसऱ्याच एका पुरुषाशी संबंध येतो, ज्याच्यावर तिचं प्रेम नाही. शेवटी त्याच समुद्रात पोहत पोहत दूर निघून जाते.

परीक्षणं आली. तिच्याच गावच्या एका दैनिकानं ही कादंबरी तब्येतीला चांगली नाही असा निर्वाळा दिला. दुसरीकडे, बाटलीवर विषाची चिठ्ठी लावायला हवी, असं सुचवलं गेलं. शिकागोच्या एका पत्राला वाईट वाटलं की इतक्या नाजूक लेखणीच्या बाईनं कामवासनेच्या गर्दीत यावं. आणि ८ जुलैला 'पिट्सबर्ग लीडर'मध्ये एक परीक्षण आलं, ज्यात शैलीची तारीफ होती, हलकी, लवचीक, नेमकी शैली. आणि मग खंत होती, की फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' एकदा लिहून झालेली असताना असल्या शिळ्या आणि मळकट विषयावर ही शैली का खर्ची घातली. हे लिहिणारी मुलगी पंचवीस वर्षांची होती. नाव विला कॅथर. पुढं ती स्वतः अमेरिकेतली मोठी कादंबरीकार झाली.

विला कॅथरवर मी खूप वर्षं रागावले होते. आता तितकी नाही. तरुण लेखिकेला प्रेमात बुडून मरणाऱ्या बायकांचा कंटाळा येऊ शकतो, हे मला पटतं. चूक ती एवढीच की तिला एडना प्रेमात बुडालेली दिसली. एडना रोबेरसाठी मरत नाही. त्यालाही एक दिवस आपण विसरू, हे तिला शेवटी कळून चुकलेलं असतं.

मात्र सगळी परीक्षणं अशी नव्हती. हे मी माझ्या व्याख्यानात कधी सांगितलं नाही, कारण मला ठाऊकच नव्हतं. सेंट लुइसच्या 'पोस्ट-डिस्पॅच'मध्ये सी. एल. डेयो यांनी कादंबरीची कला उघडपणे वाखाणली. 'न्यू यॉर्क टाइम्स'नं लेखिकेनं अवघड विषय हुशारीनं हाताळल्याचं मान्य केलं आणि नायिकेची कीव केली. आणि शिव्या देणाऱ्यांनीसुद्धा, हे बघा, जवळजवळ प्रत्येकानं म्हटलं की लिहिलंय छान. त्यांना नेमकं काय सोसलं नाही? व्यभिचार तर कादंबऱ्यांत तेव्हाही असायचा. माझं मत असं की त्यांना सोसलं नाही ते लेखिकेचं गप्प राहणं. एडना पश्चात्ताप करत नाही, आणि लेखिका तिच्या वतीनंही करत नाही. कुठंही थांबून वाचकाला सांगत नाही, की बघा, अशानं असं होतं.

तिच्याकडून ते शेवटी कुणीतरी मागितलंच असावं, कारण १८९९ च्या जुलैत 'बुक न्यूज' मासिकात तिचं एक छोटं निवेदन आलं. वाचावं तर हसू येतं. तिचं म्हणणं असं, की मी ही माणसं गंमत म्हणून एकत्र जमवली, मिसेस पाँटेलिए एवढा घोटाळा करून ठेवतील याची मला काय कल्पना! आधी कळतं तर त्यांना मंडळीत घेतलंच नसतं. पण कळलं तेव्हा नाटक अर्धं झालं होतं. एवढंच. माफी मागितल्यासारखं करून हाती काही न देण्याची ही रीत, आपल्याकडच्या सुना चांगली जाणतात.

आता त्या बंदीचं. टॉथबाईंनी शोधलं तेव्हा सेंट लुइसच्या वाचनालयांनी कादंबरी काढून टाकल्याचा काहीही पुरावा निघाला नाही. उलट त्यांनी एकाहून जास्त प्रती विकत घेतल्या होत्या आणि त्या कपाटात होत्या. कलामंडळाच्या नकारालाही आधार नाही. मित्रमैत्रिणींची पत्रं आहेत ती कौतुकाची. इलिनॉयमधल्या एव्हनस्टन गावच्या वाचनालयानं १९०२ मध्ये ती इतर काही पुस्तकांबरोबर उघड्या कपाटातून हलवली, एवढंच काय ते. १९०० च्या फेब्रुवारीत स्टोन कंपनीनं तिचा तिसरा कथासंग्रह छापायचं रद्द केलं हे खरं, पण ती कंपनी त्या वेळी आपली यादीच छाटत होती. (तो संग्रह, 'अ व्होकेशन अँड अ व्हॉइस', शेवटी १९९१ साली निघाला!) आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, केट गेल्यावर दोन वर्षांनी, १९०६ ला, न्यू यॉर्कच्या डफिल्ड कंपनीनं 'द अवेकनिंग' पुन्हा छापली. बंदी आलेलं पुस्तक असं कोण छापतं?

ती झुरून मेली हेही तितकंसं खरं नाही. १९०४ मध्ये सेंट लुइसला जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिला ते फार आवडायचं. ऑगस्टातल्या कडक उन्हात दिवसभर तिथं फिरून आली, मेंदूत रक्तस्राव झाला, आणि २२ ऑगस्टला गेली. लिहिणं कमी झालं होतं हे नाकारता येत नाही. हयातीत छापलेली शेवटची कथा १९०२ ची.

मग पन्नास वर्षं काय झालं? काहीच नाही. हीच तर गोष्ट आहे. 'देझिरेज बेबी' निवडक कथांच्या पुस्तकांत येत राहिली. केट शोपॅन म्हणजे लुइझियानाच्या गोड कथा लिहिणारी, एवढं नाव शिल्लक राहिलं. कादंबरी कुणी जाळली नाही, कुणी पुरली नाही. ती छापणं थांबलं, आणि कुणी विचारलं नाही.

१९३२ मध्ये डॅनियल रँकिन नावाच्या एका कॅथलिक पाद्र्यानं तिचं पहिलं चरित्र लिहिलं. तिला ओळखणारी माणसं तेव्हा हयात होती, त्यांना तो भेटला, कागद गोळा केले, त्याचे उपकारच आहेत. पण पुस्तकाच्या नावातच 'क्रीओल कथा' आहेत, आणि कादंबरी त्याला रोगट वाटली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सिरिल आर्नाव्हाँ या फ्रेंच प्राध्यापकानं ती 'एडना' नावानं फ्रेंचमध्ये नेली. १९५६ ला केनेथ एबल या अमेरिकन प्राध्यापकानं एका विसरलेल्या कादंबरीवर लेख लिहिला आणि १९६४ ला तिची स्वस्त आवृत्ती काढली. एडमंड विल्सनसारख्या दबदबा असलेल्या समीक्षकानं १९६२ च्या ग्रंथात तिची दखल घेतली. आणि १९६९ मध्ये पेर सेयरस्टेड या नॉर्वेच्या अभ्यासकानं तिचं समग्र साहित्य दोन खंडांत आणि सोबत चरित्र प्रसिद्ध केलं. त्या खंडांत 'द स्टॉर्म' ही कथा पहिल्यांदा छापली गेली. १८९८ च्या जुलैत लिहून तिनं ती कुठंही पाठवली नव्हती. वादळात अडकलेले दोघं, दोघांची लग्नं वेगवेगळीकडे झालेली, आणि वादळ गेल्यावर कुणाचं काही बिघडत नाही, सगळे सुखी! 'द अवेकनिंग'चा गोंधळ व्हायच्या आधीच तिला ठाऊक होतं की काय छापतील आणि काय नाही.

पाद्री, फ्रेंच, नॉर्वेजियन. सगळे पुरुष, आणि बरेचसे बाहेरचे. मला यात आपली ताराबाई शिंदे आठवते. 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ ची, तीही कुणी जाळली नव्हती. १९७५ ला स. गं. मालशे यांनी ती पुन्हा छापून हातात दिली तेव्हा आपल्याला कळलं की असं काही होतं. आणि विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'वर १९३३ मध्ये गदारोळ झाला, लोक टोपणनावामागची बाई शोधत फिरले. पण ते पुस्तक कधी विसरलं गेलं नाही. भांडण झालेलं पुस्तक टिकतं की काय, असं मला कधी कधी वाटतं.

सत्तरच्या दशकात अमेरिकन स्त्रियांच्या चळवळीला केट शोपॅन सापडली आणि मग ती कॉलेजात, अभ्यासक्रमात, सगळीकडे पोचली. बंदीची गोष्टही तिच्याबरोबर पोचली. तिचा हुतात्मा होणं सगळ्यांना सोयीचं होतं, मलाही होतं. ती खोडून काढली ती चळवळीतल्याच एका बाईनं, याचा मला अभिमान वाटतो.

त्यानंतरच्या अभ्यासकांनी आणखी एक प्रश्न काढला. एडनाची मुलं सांभाळायला एक मिश्रवर्णी दाई आहे. कादंबरीभर ती मुलांच्या मागं मागं चालते, बाईला जाग येत असताना मुलं तीच बघते. तिला नाव नाही. एकदाही. 'देझिरेज बेबी' लिहिणाऱ्या बाईनं हे केलं. तिच्या माहेरी गुलाम होते, आणि नवरा १८७४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या 'व्हाइट लीग'मध्ये होता. मी ही कादंबरी चार वेळा वाचली होती, शिकवली होती. दाईला नाव नाही हे मला दिसलं नव्हतं. माझ्या कथांमध्ये भांडी घासायला येणाऱ्या बायका आहेत. मी घरी येऊन पुस्तकं उघडून बघितलं. दोघींना नाव होतं, तिघींना नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात त्याच व्याख्यानाच्या ठिकाणी गेले आणि सांगितलं, की मी तुम्हाला पूर्वी सांगितलं ते चुकीचं होतं, बंदीबिंदी काही आली नव्हती. सभागृहाला ते फारसं रुचलं नाही. मागच्या रांगेतल्या एक अक्का उठल्या. म्हणाल्या, "काय हो बाई, बंदी नव्हती, पुस्तक वाचनालयात होतं, मैत्रिणी पण होत्या. मग त्यांनी केलं काय?"

मी त्यांना सेंट लुइसच्या वेन्सडे क्लबचं सांगितलं. शहरातल्या शिकल्यासवरल्या बायकांचा तो क्लब. १८९९ च्या नोव्हेंबरात, कादंबरी येऊन सात महिने झाल्यावर, त्यांनी गावातल्या साहित्यिकांसाठी एक दुपार ठेवली आणि केटला सन्मानानं बोलावलं. बायका गर्दी करून आल्या. केटनं वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या असतील.

"कादंबरीतलं वाचलं?" अक्कांनी विचारलं.

नाही, म्हटलं. लुइझियानाची एक नवी गोष्ट वाचली.